पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड: सॅक कशी भरावी, वाटेची नोंद कशी ठेवावी?

जुलैत दोन दिवसांत पन्हाळा ते पावनखिंड पहिल्यांदाच चालायचंय, आणि नंतर हीच वाट मित्रांना द्यायचीय, असं तुम्ही विचारलंय. पायवाटेनं अंतर साधारण ५० किलोमीटर. त्याची धास्ती नको. इथं माणूस अंतरानं थकत नाही, ओलीनं थकतो.

म्हणून आधी सॅक. ४० ते ४५ लिटरची पुरते. भरल्यावर ७-८ किलोच्या वर जाऊ देऊ नका. रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडच्या शिवणीतून आत शिरतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावा, सगळं सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा. रात्रीच्या कपड्यांची आणखी एक वेगळी पिशवी करा. ते कपडे दिवसा काही झालं तरी बाहेर काढायचे नाहीत. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे अंगावर चढवायचे. जिवावर येतं, पण चालायला लागलं की अंग तापतं. जीन्स आणि सुती पँट घरीच ठेवा. मांड्यांना व्हॅसलीन लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाय फाकवून चालावं लागेल.

बूट वॉटरप्रूफ असून उपयोग नाही. ओढ्यात पाणी वरून शिरतं आणि आतच राहतं. जाळीचे, खोल खाचांचे बूट बरे. बरीच वर्षं कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा सोल चिखलात हमखास सुटतो, म्हणून आधी आठवडाभर घालून फिरा आणि दोन मीटर सुतळी जवळ ठेवा. टाचेला फोड यायच्या आधीच औषधांच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावा. जळू चिकटली तर ओढू नका. नख आडवं सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळूच्या लाळेमुळं ते गोठत नाही. फडकं दाबून धरा. पायाला जखम असेल तर ती झाकूनच भाताच्या खाचरात उतरा. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना हे चालणं आवर्जून सांगा. लेप्टोचा (जनावरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो.

खायला गूळ-शेंगदाणे, दशम्या, खर्डा. भडंग न्यायचंच असेल तर एका वेळेला संपेल एवढ्याच पुड्या करा, नाहीतर ते सादळतं. ओढ्याचं पाणी आधी फडक्यानं गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो.

वाट चुकते ती मसाई पठारावर. धुकं उतरलं की खुणा दिसत नाहीत, आणि गुरांच्या वाटा चहूकडं फुटतात. गावकऱ्यांना पावनखिंड विचारू नका, पुढची वाडी विचारा: कुंभारवाडी, खोतवाडी, मग करपेवाडी. आणि ‘ही वाट खोतवाडीला जाते ना?’ असं नको; लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘कुठं जातीया ही वाट?’ असं विचारा.

आता नोंद. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी टिकते. नकाशा कोल्हापुरातच उतरवून घ्या. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, म्हणून ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची फोनमधली नोंद, पन्हाळ्यावरच सुरू करा आणि फोन झिपच्या पिशवीत ठेवा. प्रत्येक फाट्यावर चालायच्या दिशेनं एक फोटो काढा आणि ‘फाटा, डावीकडं, पुढं खोतवाडी’ एवढंच लिहा. परतल्यावर चुकलेले तुकडे ट्रॅकमधून कापा, नाहीतर मागून येणारा तुमच्याच चुकीवर चालेल. तारीख, पाऊस किती होता आणि कुठल्या ओढ्याला पाणी कुठवर लागलं, हे लिहाच. माझ्या मते ट्रॅकपेक्षा ही माहिती मोलाची. जानेवारीचा ट्रॅक जुलैत कामाचा नाही: तेव्हा शेतं मोकळी असतात, आता तिथं रोप लागण झालेली असते. ट्रॅकवरच चालायचं म्हणून बांध तुडवला, तर तो फुटतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं.

जिथं मुक्काम केला त्या घराचा नंबर घरधन्याला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका. लावणीच्या घाईत अचानक तीस माणसांचं जेवण कुठल्याच घराला झेपत नाही.