ब्रँड बिघडला म्हणण्याआधी लेबल वाचा
आवडत्या दारूची चव पूर्वीसारखी राहिली नाही असं वाटलं, तर तिची जुनी-नवी बाटली शेजारी ठेवून आधी अल्कोहोलचा टक्का बघा. ब्रिटनमधली गॉर्डन्स जिन १९९२मध्ये ४० वरून ३७.५ टक्क्यांवर आली. टक्का उतरला की वास आणि तोंडातला भरीवपणा कमी होतो. मग वय, म्हणजे दारू पिंपात किती वर्षं मुरली ते बघा. एलायजा क्रेग या बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) लेबलवरचं '१२ वर्षं' २०१६मध्ये गेलं, म्हणजे कमी वयाचा माल मिसळायची मोकळीक मिळाली.

तुलना करताना दोन्हीचे १५-१५ मिली, ग्लास एकसारखे, बर्फ अजिबात नको. कुठल्या ग्लासात काय हे दुसऱ्याला ठरवू द्या.

जुनी बाटली मात्र नीट ठेवलेली हवी. ठाण्याच्या मे महिन्यात खिडकीजवळच्या शोकेसमध्ये अर्धी पडून राहिलेली बाटली उष्णता, ऊन आणि आतल्या हवेनेच फिकी पडते. तिच्यावरून कंपनीला दोष देणं अन्यायाचं आहे. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर दारू बूच खाते.