नुकत्याच घरी आणलेल्या गिनीपिगच्या लघवीत रक्त दिसतंय आणि शू करताना ती ओरडते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की शहर सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून दीड वर्षाची मादी आठवड्यापूर्वी घरी आणली, परवापासून टॉवेलवर गुलाबी डाग दिसतायत, शू करताना पाठ वर करून बसते आणि बारीक आवाजात ओरडते, आणि जवळचे डॉक्टर म्हणाले की इन्फेक्शन असेल, चार दिवस बघू. चार दिवस नका थांबू प्लीज. आजच्या आज दोन गोष्टी बघा, ती खातेय का आणि शू बाहेर पडतेय का. जोर लावतेय पण थेंबही येत नाहीये असं असेल तर पुढचं काही वाचू नका, पिशवी भरा आणि निघा. शू येतेय पण खाणं बंद आहे, लेंड्या कमी झाल्यात किंवा बारीक झाल्यात, तरीसुद्धा आजच जा, कारण गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं, बारा तास काही गेलं नाही की आतडी मंदावायला लागतात आणि मग खड्यापेक्षा तेच जास्त भारी पडतं.

मी एवढ्या खात्रीने बोलतेय कारण आमची भुरी अशीच आमच्याकडे आली, मैत्रिणीच्या शेजाऱ्यांची बदली झाली म्हणून, पिंजऱ्यासकट, आणि पिंजऱ्यात ताज्या लसूणघासाची अख्खी पेंढी. ते म्हणाले हिला हेच आवडतं, दुसरं काही खात नाही. आम्हीही तेच चालू ठेवलं, दहाव्या दिवशी पांढऱ्या फडक्यावर फिकट लाल डाग. मला वाटलं आदल्या दिवशी बीट दिलंय त्याचा रंग असेल (बिटाने रंग बदलतो हे खरं आहे), म्हणून बीट बंद करून दोन दिवस थांबले, आणि ते दोन दिवस मला आजही टोचतात, कारण त्या दोन दिवसांत तिचं वजन ८४० ग्रॅमवरून ७७० वर आलं होतं आणि मी वजन केलंच नव्हतं. हा प्राणी मूळचा अँडीज पर्वतातला, ज्याला सगळे खायला टपलेले असतात असा, त्यामुळे दुखणं लपवतो. जुनं जनावर असेल तर आपल्याला त्याच्या सवयी माहीत असतात, काहीतरी बिनसलंय हे चटकन कळतं. नवीन आणलेल्याचं नेहमीचं वागणं कसं असतं हेच आपल्याला माहीत नसतं, म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा काटा आजपासून पिंजऱ्याशेजारी ठेवा, रोज सकाळी एकाच वेळेला वजन करून वहीत लिहा. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतं, पन्नास-साठच्या वर उतरलं की डॉक्टरांना फोन.

आता मुख्य मुद्दा. लघवीत रक्त म्हणजे इन्फेक्शनच असं नाही. खडा असू शकतो, मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ साचलेला असू शकतो, नुसती सूज असू शकते, आणि मादी आहे म्हणून गर्भाशयातून येणारं रक्तही शूमध्ये मिसळून तसंच दिसतं. बाहेरून बघून यातलं कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून एक्सरे मागा, तुम्ही स्वतःहून मागा. गिनीपिगचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते एक्सरेत पांढरे स्वच्छ दिसतात, त्यामुळे एका फोटोत निम्मं कोडं सुटतं. गर्भाशयाची शंका असेल तर सोनोग्राफी लागते. पूर्वी ती नराबरोबर ठेवलेली होती का हे आधीच्या मालकांना फोन करून विचारा आणि एक्सरेच्या आधी डॉक्टरांना सांगा, दुकानात नर-मादी ओळखण्यात सर्रास चूक होते आणि गाभण असेल तर सगळाच हिशोब बदलतो. लघवीचा नमुना पिंजऱ्यातून उचलू नका, त्यात घाण मिसळते. मी भुरीला धुतलेल्या स्टीलच्या ताटात बसवलं, पुढ्यात काकडीचा तुकडा ठेवला, दहा मिनिटांत काम झालं, सिरिंजने ओढून घेतलं. कल्चर (लघवीत कोणते जंतू वाढतात ती तपासणी) करायचं असेल तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात, त्याला घाबरू नका.

पांढरट गढूळ शू दिसली की लोक घाबरतात पण ते थोड्या प्रमाणात नॉर्मल आहे. आपलं शरीर गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून उचलतं, यांचं शरीर जेवढं पोटात जाईल त्याच्या प्रमाणात उचलतं आणि जास्तीचं मूत्रपिंडातून बाहेर टाकतं, वर त्यांची लघवी अल्कधर्मी असते, पीएच ८ ते ९, त्यात ते कॅल्शियम सहज खाली बसतं. वाळलेला डाग बोटाने चोळून बघा, खडूच्या भुकटीसारखा मऊ लागला तर ठीक, वाळूसारखा रवाळ लागला तर डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

औषधाबद्दल हे नीट वाचा. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी, माणूस अगदी मायाळू, कुत्र्या-मांजरांच्या सवयीने अमॉक्सिसिलिन लिहून दिलं होतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, आणि त्याशिवाय क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, वाईट वाढतात आणि जनावर जाऊ शकतं. १९४० मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनची ती प्रसिद्ध चाचणी उंदरांवर झाली, गिनीपिगवर झाली असती तर त्या औषधाबद्दल पहिलं मत फार वेगळं झालं असतं. यांना सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देतात आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, डोस मी सांगणार नाही, तो वजनावर डॉक्टरच काढतील. पण वेदनाशामक मिळालंय ना हे नक्की विचारा, कारण दुखत असेल तर ती खाणार नाही आणि खाल्लं नाही तर काहीच बरं होणार नाही. तुमच्या डॉक्टरांना गिनीपिगची सवय नसेल तर त्यांनाच विचारा की एक्झॉटिक प्राणी (कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी) कोण बघतं, बहुतेक जण मोकळेपणाने नाव सांगतात. तेही जमलं नाही तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जे जवळ असेल तिथे आधी फोन करून चौकशी करा.

आणि घरातली मोठी माणसं कुळथाचं पाणी द्या म्हणतील. माझ्या सासूबाईंनी तर काढून ठेवलं होतं वाटीभर, प्रेमानेच, त्यांच्या स्वतःच्या मूतखड्याला त्याने बरं वाटलं होतं. पण माणसाचा खडा बहुतेक वेळा ऑक्सलेटचा असतो, हिचा कार्बोनेटचा, आणि माणसाला लघवी अल्कधर्मी करायला जे गोड सिरप देतात ते हिला कशाला, हिची आधीच तशी आहे. कुळीथ, गोखरू, पुनर्नवा, माणसांच्या खड्याच्या गोळ्या, यातलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता खाणं, इथे तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. लसूणघास देत असाल तर तो थांबवायचाय. तो गाईम्हशींचा उत्तम चारा, आपल्याकडे स्वस्त आणि वर्षभर मिळतो म्हणून पेट शॉपवालेही तोच देतात, पण त्यात टिमोथी गवताच्या (गिनीपिगला वाळवून देतात ते परदेशी गवत) अडीच-तीन पट कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला ठीक, मोठ्या जनावराला रोज नाही. अल्फाल्फा म्हणजे लसूणघासच, त्यामुळे पेलेटच्या (तयार दाणेदार खाद्याच्या) पिशवीवर पहिलं नाव अल्फाल्फा असेल तर तीही बदला. पण एका दिवसात नको! आजारी जनावराचं ओळखीचं खाणं एकदम काढून घेतलं तर ती उपाशी बसते. आठ-दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळत. टिमोथी महाग पडतं हे मला माहीत आहे, आम्ही टिमोथीबरोबर हराळी देतो, म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, ज्याला बाहेर बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि तिथले लोक ते वाळवून चारा म्हणून वापरतात. फक्त फवारणी केलेल्या लॉनवरची किंवा रस्त्याकडेची आणू नका, आमच्या गच्चीत दोन टब हराळीचे लावलेत. दिवसभराच्या खाण्यातला पाऊण भाग तरी गवत पाहिजे.

भाज्यांत पालक, राजगिरा, मेथी रोज नको. कोथिंबीर चार काड्या चालते, काकडी, शिमला मिरची चांगली. शिमला मिरची तर रोजच, कारण आपल्यासारखंच या प्राण्याचं शरीर सी जीवनसत्त्व बनवू शकत नाही, किलोला रोज १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून लागतं, आजारपणात जास्त, आणि १०० ग्रॅम हिरव्या शिमला मिरचीत ते साधारण ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीस ग्रॅमची फोड दिली की रोजचं भागलं. पाण्यात टाकायचे थेंब मिळतात ते घेऊ नका, उजेडात आणि पाण्यात ते लवकर निकामी होतं, वर चव बदलली की ती पाणीच कमी पिते. पिंजऱ्यात मिठाचा किंवा खनिजांचा खडा टांगलेला असेल तर आजच काढा. कॅल्शियम पूर्ण बंद करायच्या मागेही लागू नका, हाडांना आणि दातांना ते लागतंच.

पाणी जितकं जाईल तितकं चांगलं. भुरी बाटलीतून घुटकाच घ्यायची, जड मातीची वाटी ठेवली तेव्हा दुपटीने प्यायला लागली, आता दोन्ही असतात. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर प्यायला फिल्टरचं द्या. भाजी धुऊन ओलीच द्यायची, पुसायची नाही. डॉक्टर कातडीखाली सलाईन देतील, लगेच फुग्यासारखं दिसतं, ते काही तासांत जिरतं, मी पहिल्यांदा बघून रडले होते.

खात नसेल तर हाताने भरवावं लागेल. तिचेच पेलेट कोमट पाण्यात भिजवून मऊ लगदा करा, एक मिलिची सिरिंज घ्या, पुढचं टोक कापून कडा घासून घ्या, टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर बसलेलीच ठेवायची, पाठीवर कधीच नाही, आणि पुढच्या दातांच्या बाजूने आत थोडंथोडं, तिने चावून गिळलं की पुढचं. दिवसभरात किलोला ५० मिलिच्या आसपास, पाच-सहा वेळात विभागून, रात्रीसुद्धा एकदा. पहिल्या दिवशी निम्मं माझ्या कुर्त्यावर होतं. तिसऱ्या दिवशी तीच तोंड पुढे करायला लागली.

भुरीच्या मूत्राशयात पाच मिलिमीटरचा एक खडा आणि बराच गाळ निघाला. मादीची मूत्रनळी नरापेक्षा रुंद असते त्यामुळे लहान खडा कधीकधी आपोआप पडतो, किंवा नळीच्या तोंडाशी आलेला डॉक्टर भूल देऊन चिमट्याने काढतात, आमचा मूत्राशयातच होता म्हणून ऑपरेशन झालं. तुमच्यावर ती वेळ आली तर एक लक्षात ठेवा, कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, गिनीपिगला उलटीच होत नाही, आणि आतडी रिकामी ठेवणं धोक्याचं. दवाखान्यात कुणी सवयीने सांगितलं तर परत विचारा. ऑपरेशननंतर तीन दिवस भरवलं, सहाव्या दिवशी फ्रिजचं दार उघडल्यावर पूर्वीसारखी वीक वीक ऐकू आली. खडे परत होतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आता दर सहा महिन्यांनी एक्सरे काढतो, शेवटच्या दोन्हींत मूत्राशय स्वच्छ होतं, वजन ९१० ग्रॅम.

पिंजऱ्याच्या तळाशी जाळी असेल तर त्यावर जाड फडकं घाला, तळवे सोलतात. आणि फडकं पांढरं किंवा फिकटच वापरा, दिवसातून दोनदा बदला, ओल्यात बसलं की जंतू वर चढतात, मादीत तर पटकन.

आज रात्री एवढं करा, वजन लिहा, पांढरं फडकं अंथरा, काकडी आणि पाण्याची वाटी ठेवा, सकाळी लेंड्या मोजा. एक्सरे झाला की खडा आहे का, असला तर मूत्राशयात की नळीत, आणि औषध कोणतं दिलंय ते खाली लिहा, मी रोज संध्याकाळी इथे बघते.