प्रसिद्धीचा तास शूटिंगच्या आधी घ्या
मुलांना सिनेमा बनवायला पहिल्यांदाच शिकवताय म्हणून सांगते, प्रसिद्धीचा विषय एडिटिंगनंतर ढकलू नका. सेटवरचे चांगले फोटो नंतर मिळत नाहीत, आणि वर्तमानपत्र असो की महोत्सव, मागणी आधी फोटोंचीच होते. माझ्या पहिल्या लघुपटाचा एकही धड फोटो नव्हता, अजून सलतं.

मुलांना ‘श्वास’ची गोष्ट जरूर सांगा. २००४ साली तो भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचारासाठी महाराष्ट्रातल्या सामान्य लोकांनीही पैसे दिले. सिनेमा आपला वाटला की माणसं अशी धावून येतात! मग प्रत्येकाला विचारा, तुझे पहिले शंभर प्रेक्षक कोण? ‘सगळेच’ हे उत्तर अजिबात घेऊ नका. कांद्यावरचा माहितीपट असेल तर लासलगावच्या बाजार समितीत जाऊन शेतकऱ्यांशी बोलायला लावा. पोस्टर नंतर होईल.