एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकांवरून बेटावरचे लोक मूळचे कुठले, हे कळतं का?

हो, कळतं, पण जनुकाच्या एकेकट्या प्रकारावरून नाही, तर सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांजवळ असलेल्या ए, बी, डीआरबी१ या एचएलए जनुकांच्या प्रकारांच्या एकत्रित संचावरून, म्हणजे हॅप्लोटाइपवरून. ए आणि बी यांच्यात पुनर्संयोग (जोडीच्या गुणसूत्रांतली तुकड्यांची अदलाबदल) दर पिढीला एक टक्क्याहूनही कमी होतो, म्हणून संच बहुधा अखंड उतरतो. प्रशांत महासागरातलं रापा नुई (ईस्टर बेट) घ्या. तिथल्या १९७१ सालच्या रक्तनमुन्यांत ए*०२:१२ आणि बी*३९:०५ (अक्षर जनुकाचं, आकडे प्रकाराचे) सापडले. हे प्रकार जवळजवळ फक्त अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत आढळतात. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-धाडीत नेलेल्यांपैकी काही परतले, त्यांच्याबरोबर ते आले असतील ही शंका रास्तच. मात्र त्यातला एक प्रकार पुनर्संयोग झालेल्या संचात मिळाला. अशा अदलाबदलीला सहसा बऱ्याच पिढ्या लागतात, त्यामुळे मिश्रण त्याआधीचं असण्याची शक्यता वाढते.

करताना एवढं पाळा:

- टायपिंग, म्हणजे प्रकार ओळखण्याची चाचणी, किमान चार अंकी (जसं ०२:१२) हवी. नुसतं 'ए२' जगभर सापडतं, त्यावरून काहीच ठरत नाही.
- वारंवारता काढताना जवळचे नातेवाईक गाळा. कोणते प्रकार एकाच गुणसूत्रावर आहेत हे ठरवून संच जुळवायला मात्र आई-वडील-मूल असे नमुने सोन्यासारखे.
- ए१-बी८-डीआर३ हा युरोपीयांत सर्रास आढळणारा संच दिसला, तर अलीकडचं युरोपीय मिश्रण समजा.

मर्यादा एकच, पण मोठी: या जनुकांवर रोगांची निवड चालते, शिवाय बेटावर संस्थापक थोडे. वारंवारता झपाट्याने हलते, त्यामुळे वस्तीचा काळ यावरून काढू नका. त्यासाठी संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, बघा.