स्कोअर वाढतोय, चुका तशाच

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरची माझी केमोथेरपी संपून सात महिने झाले. मी हिशेबाचं काम करते. हल्ली आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवेपर्यंत डोक्यातून जातो. डॉक्टरांनी ३० गुणांची चाचणी घेतली, २८ मिळाले, म्हणून ‘काही नाही’ म्हणाले. मुलीनं फोनवर स्मरणशक्तीचं ॲप घालून दिलंय. त्यातला स्कोअर रोज वाढतोय, कामातल्या चुका तशाच आहेत. खरं काय मानू?

उत्तर : ताई, तुमच्या चुका खऱ्या माना. ३० गुणांची ती छोटी चाचणी प्रामुख्याने डिमेन्शियाकडे (स्मृतिभ्रंशाकडे) झुकणारा विसरभोळेपणा हेरते. केमोनंतर बऱ्याचदा मंदावतो तो विचारांचा वेग. लक्ष टिकत नाही, नेमका शब्द सापडत नाही. हे त्या चाचणीतून सहज निसटतं.

ॲपचा स्कोअर वाढतो, कारण तोच खेळ रोज खेळून तुमचा हात बसलाय. चांगल्या डिजिटल चाचणीत शब्दांची यादी दर वेळी नवी असते आणि प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदला जातो. मी अनेक वर्षं स्टॉपवॉच आणि पेन्सिल घेऊन आकडे-अक्षरं आलटून पालटून जोडायची चाचणी घेतली. शेवटी हाती यायचा एकूण वेळ. टॅब्लेटवर पेशंट नेमका कुठे थबकला तेही दिसतं, आणि मला तेच हवं असतं.

एक मात्र विचारते : केमोनंतर बोटं बधिर झालीत का? मुंग्या येतात का? तसं असेल तर स्क्रीनवर बोट उशिरा पडतं आणि दोष डोक्याला लागतो. चाचणी घेणाऱ्याला हे आधी सांगा.

पहिल्या केमोच्या आधीची अशा चाचणीची नोंद असती तर तुलना सोपी झाली असती. नसली तरी आजपासून सुरू करा. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (स्मरण, लक्ष, विचारांचा वेग तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवा, असं डॉक्टरांना स्पष्ट म्हणा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. झोप, उदासी, हार्मोनच्या गोळ्या हेही बोला. (अचानक गोंधळ, ताप, उलट्यांसह डोकेदुखी किंवा हातापायात अशक्तपणा आला, तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.)

आणि भेटीला जाताना ॲपच्या आलेखासोबत दोन आठवड्यांतल्या चुकांची वही न्या : कोणता आकडा चुकला, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती झाली होती.