‘पप्पा बेडा!’ : मुलगी बाबाकडे येतच नाही तेव्हा

"मॅडम, मी जवळ गेलो की ती रडूलाली. मी काय चोर हाय काय घरात?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने हे विचारलं. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं कारखान्यातलं मशीन) काम करणारा तिशीतला बाबा, घर अनगोळला, मुलगी सव्वादोन वर्षाची (ओळख पटेल असं बरंच बदललंय, मुलीला आपण चिऊ म्हणू). सोबत बायको होती, चिऊ तिच्या कडेवर, आणि बाबाने नुसता हात पुढे केला तरी चिऊ तोंड फिरवून म्हणायची, "पप्पा बेडा!" बेडा म्हणजे कन्नडमध्ये नको. घरमालकीणबाई अज्जी कन्नड बोलतात, चिऊ अर्धा दिवस त्यांच्या ओट्यावर असते, त्यामुळे नकार कन्नडमध्ये आणि बाकी हट्ट मराठीत असा तिचा कारभार.

माझ्याकडे मुलांबद्दल सल्ल्याला येणाऱ्या बाबालोकांचा हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता मी एकदाच सविस्तर लिहून टाकते. मुलीला मी आवडत नाही का? माझं काही चुकलं का? बहुतेक वेळा चुकलेलं काही नसतं, राहून गेलेलं असतं.

झालं असं की पहिली दोन वर्षं हा सकाळच्या शिफ्टला, वर ओव्हरटाईम, घरी यायचा तेव्हा चिऊ झोपलेली नाहीतर झोपेच्या चिडचिडीत, म्हणजे हा रविवारचा बाप. हौसेने आंघोळ घालायला गेला तर त्याची आई म्हणायची, "गडी माणसानं पोरीला काय न्हाऊ घालायचं, हो बाजूला", आणि बायको म्हणायची, "अहो असं नाही धरायचं, द्या इकडे." दोघींचं प्रेमच, पण त्यात ह्याचा हात शिकायचाच राहिला. मग बायकोने एका शाळेच्या ऑफिसात परत नोकरी धरली, ह्याने तीन ते अकराची शिफ्ट मागून घेतली, आणि एका सोमवारपासून सकाळी साडेआठ ते दुपारी दोन चिऊ आणि पप्पा, घरात दोघंच. दोननंतर अज्जी.

आता माझीही एक चूक कबूल करते. पहिल्या भेटीत चिऊ झोपते किती, खाते काय, चालायला कधी लागली हे सगळं मी बायकोकडे बघून विचारलं. तो शेजारीच बसलेला. घरी गेल्यावर लक्षात आलं की आपणही तेच केलं, द्या इकडे. दुसऱ्या वेळी मी त्याला एकट्याला बोलावलं आणि म्हटलं, कालची सकाळ सांगा, अगदी बारीकसारीक.

त्याने आंघोळीचं सांगितलं. पाणी काढलं, हात घालून बघितलं, बादलीतला हिरवा मग घेतला, आणि चिऊने ओल्या बाथरूममध्ये अंगच टाकलं. चाळीस मिनिटं. "पप्पा बेडा, मम्मी, मम्मी." ह्याने घाबरून बायकोला व्हिडिओ कॉल लावला, आई दिसली, चिऊ शांत झाली, कॉल कट झाला आणि आधीपेक्षा डबल रडली. शेवटी मोबाईलवर गाणी लावून दिली आणि आंघोळ राहिली ती राहिलीच. रात्री बायकोला सांगितलं तर ती सहज म्हणाली, "अहो, लाल मग लागतो तिला. हिरवा पाय धुवायचा."

सव्वादोन वर्षाच्या पोरीचं जग असल्याच लाल मगांवर उभं असतं. घड्याळ कळत नाही, दुपार म्हणजे काय कळत नाही, म्हणून हे झालं की ते होतं एवढाच काय तो तिला आधार, आणि तो क्रम चुकला की तिला सांगता येत नाही की बाबा, मग चुकला. तेवढे शब्दच नसतात आणि रागाला आवर घालणारी मेंदूची बाजूही अजून पुरती तयार व्हायची असते. असतो एकच शब्द, बेडा. तो मगाला असतो, आपण तो स्वतःला लावून घेतो.

हे ऐकून तो जरा वेळ गप्प बसला आणि हसला. "म्हणजे प्रोग्राम न बघताच सायकल स्टार्ट मारली मी. ऑफसेट पण दुसऱ्याच्या जॉबचा." मला त्यातलं निम्मं कळलं, पण त्याला सगळं कळलं होतं.

मग आम्ही फार काही केलं नाही. बायकोला सांगितलं की मागच्या दाराने गुपचूप सटकायचं बंद, चिऊच्या समोर चप्पल घालायची, "मम्मी ऑफिसला, अज्जीकडे चहा झाला की मम्मी येणार" एवढं सांगायचं, टाटा करायचं आणि निघायचं, रडली तरी परत वळायचं नाही. लपून गेलं की पोर दिवसभर दाराकडे लक्ष ठेवून बसतं. व्हिडिओ कॉल बंद. आणि आंघोळ, केस, नाश्ता, दुपारची झोप ही सगळी बाबाची, रविवारी सुद्धा, बायको घरात असली तरी. तिला हे जड गेलं बरं का, ती स्वयंपाकघरातून ओरडायचीच, "भांग मधे पाडा!"

दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन. सगळं बिघडलंय, चिऊ चावली, आणि मग बराच वेळ थांबून, "एक दिली मी तिला मॅडम." मी ओरडले नाही. सांगितलं की चावलं की हात हलकेच धरायचा, "चावायचं नाही, पप्पाला दुखतं" एवढंच बोलायचं आणि तिथंच जमिनीवर बसून राहायचं, उठून जायचं नाही, लेक्चर द्यायचं नाही. आतापर्यंत बेडा म्हटलं की मम्मी यायची, आता येत नाही, म्हणून ती जोर लावून बघतेय, हे होणारच होतं. आणि मारल्याबद्दल तिला सॉरी म्हणा. "दोन वर्षाच्या पोरीला सॉरी?" हो. म्हटला बिचारा. तिने ऐकून घेतलं आणि बिस्किट मागितलं.

मधेच एक टेन्शन आजीने, म्हणजे ह्याच्या आईने, सोडून दिलं, की घरात मराठी, खाली कन्नड, पोरगी गोंधळली म्हणून नीट बोलत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी कुठेही जा, आपल्याकडे हे प्रत्येक घरात ऐकू येतं. दोन भाषांनी मूल बोलायला उशिरा लागत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्हीतले मिळून मोजा. पाणी आणि नीरु दोन्ही येतं, धरा की दोन. दोन वर्षाच्या आसपास साधारण पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं दिसायला हवं, आणि पप्पा बेडा हे जोडूनच झालं ना! मात्र हाक मारल्यावर बघत नाही, बोट करून काही दाखवत नाही, येत असलेले शब्द गेले, असं असेल तर वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानही तपासून घ्या. चिऊचं तसं काही नव्हतं. मोबाईलचं मात्र मी त्याला स्पष्ट सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेत दोन वर्षाच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन आहे, कमी असेल तर उत्तमच, आणि ह्याच्याकडे सकाळीच दोन तास होत होते.

मोबाईल काढला तर त्या जागी काय, हे त्यानेच शोधलं. दहाच्या सुमाराला चिऊला बाईकवर पुढे बसवून अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटवर नेऊ लागला. गेट पडलं की सगळी दुनिया वैतागते, हे दोघं खूश. मालगाडी आली की डबे मोजायचे, एक, दोन, तीन, मग चिऊचं एरडु (कन्नडमधलं दोन), मग परत तीन, आकडा कधी दहाच्या वर गेला नाही. ही जागा मम्मीला माहीतच नव्हती. इथला लाल मग पप्पाचा होता.

पाचव्या भेटीच्या दिवशी साडेदहा वाजून गेले तरी पत्ता नाही म्हणून मीच फोन लावला. मागे इंजिनाचा भोंगा, त्यावर चिऊचा आवाज. "मॅडम, सॉरी, आज जमत नाही बघा," तो ओरडून सांगत होता, "गाडी थांबलीय सिग्नलला, ती हलल्याशिवाय ही हलत नाही. चल म्हटलं तर बेडा म्हणूलाली."