पोलिसांवर नागरिकांची समिती नेमली तर वर्णभेद खरंच कमी होतो का?

अमेरिकेत पोलिसांवर देखरेख करायला नागरिकांच्या समित्या असतात, त्यांनी कृष्णवर्णीयांचा जाच कमी होतो का, असं तुम्ही विचारलंय. मी कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ राहतो, म्हणून इथलंच सांगतो.

समितीच्या हातात काय दिलंय, त्यावर सगळं आहे. तक्रार समितीपुढे येते तोवर माणसाच्या हातात बेड्या पडून गेलेल्या असतात.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इथल्या २०१३-१४ मधल्या तेरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. पोलिसांनी लोकांना अडवल्याच्या २८,११९ घटना, त्यांतले ६० टक्के कृष्णवर्णीय. शहरात त्यांची वस्ती २८ टक्के! अटक झालेले वगळले, तरी अडवलेल्या चार कृष्णवर्णीय पुरुषांत एकाला बेड्या घातलेल्या. गोऱ्यांत हेच प्रमाण पंधरात एक. माझे कृष्णवर्णीय शेजारी सत्तरीचे आहेत. लायसन्स आणि गाडीचे कागद ते डोळ्यांसमोरच्या सन-वायझरला क्लिपने लावून ठेवतात, कारण पोलिसासमोर डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायची वेळ त्यांना येऊ द्यायची नाही. हे पाहिल्यापासून मला हा विषय नुसता आकड्यांचा वाटत नाही.

मग एक साधी गोष्ट झाली. गाडी अडवल्यावर पोलीस जो फॉर्म भरतात, त्यात एक प्रश्न वाढवला: या व्यक्तीचा एखाद्या गुन्ह्याशी संबंध असल्याची आधीच काही माहिती होती का, हो की नाही? ‘नाही’ लिहायचं म्हटलं की हात थबकतोच. २०१७ मध्ये सुमारे ३२,००० वेळा लोकांना अडवलं होतं, २०१८ मध्ये १९,००० वेळा. कृष्णवर्णीयांना अडवणं ४३ टक्क्यांनी घटलं, आणि त्यामुळे गुन्हे काही वाढले नाहीत.

पण हिशेब करून बघा. एकूण संख्याही ४० टक्क्यांच्या आसपास घटली. म्हणजे हजारो लोकांचा त्रास वाचला, ही फार मोठी गोष्ट आहे, पण अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा जवळपास तेवढाच राहिला.

फॉर्ममधला हा प्रश्न काही समितीने सुचवलेला नव्हता, तो संशोधक आणि पोलीस खात्याच्या एकत्र कामातून आला. पोलिसांच्या गैरवर्तनाच्या खटल्यात २००३ मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून खात्यावर फेडरल कोर्टाची नजर होतीच. ओकलंडच्या समितीचं महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. २०१६ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला. सात सदस्य, सगळे बिनपगारी. बळाचा वापर कधी करायचा, वर्ण बघून कुणाला अडवायचं नाही, याबद्दलच्या धोरणात खात्याला बदल करायचा असेल तर तो यांच्यापुढे आणावा लागतो. पोलीसप्रमुखाला काढायचे अधिकारही आहेत, आणि २०२० मध्ये महापौरांच्या साथीने त्यांनी ते वापरले. उद्या नवा प्रमुख येऊन अडवणुकीचे नियम सैल करायला लागला, तर त्याला ‘थांबा’ म्हणायला कुणीतरी बसलेलं आहे. नुसती तक्रारपेटी सांभाळणाऱ्या समितीला हे जमत नाही.